तीनशे टिचक्या

फिन्त्सेंझ राइनाल्टर, वय एकाहत्तर, साखर जुनी.
डाव्या टाचेला नाण्याएवढी जखम.
चौदा महिने झाले, मिटायचं नाव नाही.
व्यवसायाच्या रकान्यात त्यानं लिहिलंय
थरथरत्या, पण मोठ्या अक्षरांत:
हिमकडे पाडणारा.

इन नदीच्या या चिंचोळ्या खोऱ्यात
त्याला सगळे ओळखतात.
पहाटे चारला, पाहुणे हॉटेलांतून घोरत असताना
तो डोंगराच्या खांद्यावर चढायचा,
बर्फात सुरुंग पुरायचा, वात पेटवायचा,
आणि नव्वदपर्यंत मोजायचा.
"आवाज आधी पोटात येतो," तो मला सांगतो,
"कानात मागाहून. ऐकलायस कधी?"

मी जेल पिळत राहते.
मोस्तारला, सात वर्षांची असताना,
खिडकीची काच आधी आत आली होती,
आवाज नंतर.
हे मी बोलत नाही.
म्हणते, पाय वर घ्या.

यंत्र चहाच्या ट्रॉलीएवढं.
लोक विचारतात, हे मूतखड्याचं ना?
त्याचंच धाकटं भावंड, मी सांगते.
थोरल्यानं दगड फोडून नाव कमावलं.
धाकटं काहीच फोडत नाही.
नुसत्या टिचक्या मारतं,
सेकंदाला चार,
पातळ पडद्याआडून, जखमेला हात न लावता.

"मग होतं काय त्यानं?"
मांस निजलेलं असतं, मी म्हणते,
टिचकी बसली की त्याला वाटतं, पुन्हा काही घडलं,
धडपडत उठतं,
केसाहून बारीक रक्तवाहिन्या धाडतं मदतीला.
"म्हणजे फसवणूक."
थोडीशी.
तो खूश होतो. आयुष्यभर त्यानं डोंगराला
असंच फसवलं होतं म्हणे,
थोडं थोडं पाडून घेतलं, की एकदम कोसळत नाही.

बाहेर बाकावर फ्राऊ काथ्राइन बसलीय.
झटक्यानंतर उजव्या हाताची मूठ झाली,
इतकी घट्ट, की नखं तळव्यात रुतायची.
दंडावर टिचक्या बसल्या की काही आठवडे मूठ सैलावते.
तेवढ्यात ती पत्रं लिहून घेते.
तिच्या शेजारी एक गवंडी,
त्याच्या नडगीचं हाड वर्षभर रुसलेलं,
दोन्ही टोकं समोरासमोर, बोलायला तयार नाहीत.
आणि नाल ठोकणारा युलिउस मधूनच येऊन सांगतो,
त्याच्या घोडीचा स्नायुबंध याच यंत्रानं धरला,
ती उतारावर पुन्हा धावते.
डॉक्टर लाडुर्नरना हा पुरावा फार आवडतो.
घोडीला, ते म्हणतात, कुणी धीर दिला नव्हता.

सगळ्यांचं होत नाही.
एगार्टर मास्तरांच्या पायाला मी सहा गुरुवार दिले.
अंगठा गेलाच.
ते अजूनही नाताळला कार्ड पाठवतात,
आणि ते कुठे ठेवावं, मला कळत नाही.

फिन्त्सेंझच्या टाचेवर मी चौकटीची पारदर्शक फिल्म धरते,
पेननं कड गिरवते.
पहिल्या गुरुवारी बावीस चौकोन.
दुसऱ्या गुरुवारीही बावीस. तो काही बोलला नाही.
चौथ्या गुरुवारी चौदा,
आणि काठाला ओल्या कागदासारखी गुलाबी कोर.
चष्मा काढून, पुसून त्यानं ती पाहिली,
एखाद्या परक्याचा पाय पाहावा तशी.

पाचव्या गुरुवारी बर्फ फार पडलं होतं.
टिचक्या चालू होत्या, तो ओठांत मोजत होता,
आणि वर डोंगरावर
त्याच्या जागी आलेल्या नव्या पोरानं सुरुंग उडवला.

धप्प.
आधी पोटात.

माझा हात सुटला.
यंत्र थांबलं, खोलीत जेलचा वास तेवढा उरला.
मी खिडकीकडे पाहत होते.
काच जागेवर होती.
तो माझ्याकडे पाहत होता, बराच वेळ,
बर्फाकडे पाहत असेल तसा,
कुठे भेग आहे का ते.

विचारलं काहीच नाही.
पाय सरळ केला, उशी नीट केली,
म्हणाला,
"दोनशे अकरा झाल्या.
इथून पुढे तू मोज."